बंद पडणाऱ्या मोटरसायकलीचे गुणकारी उपाय

आमची मोटरसायकल बंद पडताना काही आवाज करत नसे, याचंच मला अधिक वाईट वाटे. धडाका व्हावा, धूर निघावा, निदान एखादा नट रस्त्यावर गडगडत जावा, म्हणजे माणसाला चारचौघांत काही सांगता येतं. हिचं तसं नव्हतं. कीर्तनाला बसलेला म्हातारा डुलकी घेतो तशी ती हळूहळू आवाज उतरवत जाई, दोन आचके देई आणि रस्त्याच्या कडेला गप्प होई. पंधरा-वीस मिनिटं आम्हाला लोकांच्या नजरांत उभं करून झालं की पहिल्या लाथेला सुरू होई. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं आणि आम्हीच उगाच खाली उतरलो होतो.

एकोणीसशे एकोणसाठ सालची, दसऱ्यानंतरच्या सात आठवड्यांची ही गोष्ट. आम्ही बंगळुरात, बसवनगुडीत राहत होतो. गाडी युद्धाआधीची, विलायती. अरविंद, म्हणजे माझे यजमान, सरकारी कारखान्यात नकाशे काढत. (घरात मी अजून त्यांचं नाव घेत नाही, कागदावर घ्यायला हरकत नसावी.) ते रोज मला मागे बसवून छावणीतल्या मुलींच्या कॉलेजात सोडत आणि पुढे कामावर जात. अंतर पाच मैल. कॉलेजात मी रसायनशास्त्राची हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होते. माझं काम म्हणजे आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, मुलींच्या वेण्या बर्नरपासून दूर ठेवणं, आणि ‘डोळा पाण्याच्या रेषेत आणा’, ‘आधी फनेलचं बूच काढा, मग तोटी सोडा’, ‘तोंडाने ओढू नका’ ही तीन वाक्यं दिवसातून चाळीस वेळा म्हणणं. काम मला फार आवडे. ते कायम व्हायचं होतं.

कायम करणं न करणं मिस लोबोंच्या हातात होतं. या आमच्या प्रिन्सिपॉल. मूळच्या मंगळूरच्या, पांढरीशुभ्र साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे पहिला लाल शेरा पडला तेव्हा त्यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “मोटरसायकल बंद पडली.” दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं नाही, नुसतं घड्याळ पाहिलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, “मिसेस कुलगोड, तुम्ही सेकंड इयरला ज्वलन शिकवता ना?”

“हो.”

“मग तुमच्या यजमानांना पण शिकवा.”

 चौथा शेरा मी मुद्दाम बसने जाऊन मिळवला. बसवनगुडीची बस मार्केटपर्यंत जाई, तिथून दुसरी धरायची. ती कधी येते हे कंडक्टरलाही बसमध्ये बसल्यावरच कळत असावं.

आता आमच्या घरातलं मत सांगते. माझ्या सासूबाई अंबूबाई. आमच्या निपाणीकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, आम्ही गाडी कल्लाप्पा मेस्त्रीकडून धुऊन आणली होती. यांच्या विजारीवर पेट्रोलचे शिंतोडे उडत, म्हणून त्याने टाकीच्या झाकणाखाली कॉर्कची नवी चकतीही बसवून दिली होती. गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आत्या गंधाची वाटी घेऊन पुढे झाल्या नि थबकल्या.

“हिचं कपाळ कुठलं म्हणायचं?”

“हा दिवा पुढे आहे,” अरविंद म्हणाले.

“तो डोळा की रे. डोळ्यात कुंकू घालतात होय?”

“मग हँडल?”

“ती शिंगं.” नंबरची पाटी त्यांनी “ते नाव झालं” म्हणून बाद केली. मग त्यांची नजर टाकीवर गेली. टाकीच्या अगदी माथ्यावर चांदीच्या रुपयासारखं चकचकीत गोल झाकण होतं, आणि झाकणाच्या मधोमध एक लहानसा खळगा. “हे बघ,” आत्या म्हणाल्या, “करणाऱ्यानं जागासुद्धा करून ठेवलीय.” आणि अंगठ्याने त्यांनी तिथे ठसठशीत गंध लावलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, बहिणीकडे सोनं द्यायला जाताना गाडी आयुष्यात पहिल्यांदा बंद पडली.

“दृष्ट,” आत्या म्हणाल्या. “काल सगळी आळी बघत होती. आता रोज गंध लावल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही.” हे काम माझ्याकडे आलं. मी विज्ञान शिकलेली; दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नाही. पण सुनेने कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा आणि कुठली नुसती करायची, हे दोन वेगळे विषय आहेत आणि त्यांची परीक्षा एकाच दिवशी नसते. शिवाय एखादी गोष्ट करायचीच तर नीट करावी. नुसतं रक्तचंदन वाळलं की वाऱ्याने उडून जाई, आणि संध्याकाळी आत्या म्हणत, “पांढऱ्या कपाळानं फिरवलीस होय तिला दिवसभर?” म्हणून मी गंधात बाभळीचा डिंक घातला. किती पाण्याला किती डिंक, हे तीन सकाळी प्रयोग करून ठरवलं. नंतर गंध अगदी चिनीमातीवरच्या रंगासारखं बसे. माझ्या पदवीचा घरात झालेला हा पहिला उपयोग. आत्यांनी तो शेजारीपाजारी सांगितलाही.

गाडी रोज बंद पडू लागली.

मी वही सुरू केली. तारीख, हवा, टाकीतलं पेट्रोल, किती मैलांवर बंद पडली, काय उपाय केला, काय झालं, असे सहा रकाने. उपायांची टंचाई नव्हती. गाडी थांबली की अरविंद आधी हातमोजे काढत, टाकीचं झाकण उघडून आत डोकावत, गाडी हलवून पेट्रोल डुचमळतंय याची खात्री करत आणि झाकण घट्ट लावत. हे त्यांच्या मते उपायात धरायचं नव्हतं; ती नुसती चौकशी. मग खरा उपाय सुरू होई. एकदा त्यांनी प्लग काढून माझ्या पदराने पुसला. गाडी सुरू झाली. एकदा कार्बोरेटरवर स्पॅनरने तीन टिचक्या मारल्या. सुरू झाली. नॅशनल कॉलेजच्या चौकात एका अनोळखी गृहस्थांनी गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी करायला सांगितली. केली. सुरू झाली. आत्या एकदा मागे बसल्या असताना त्यांनी रामरक्षा म्हटली. ‘पातु’पर्यंत पोचतात तोच इंजिन धडधडू लागलं.

महिन्याअखेर मी वही वाचली आणि मला बसल्या जागी चक्कर आली. अकरा निरनिराळे उपाय, आणि अकराही शंभर टक्के गुणकारी. मी शिकवलेल्या एकाही मुलीने असा तक्ता आणला असता तर मी तिला सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

शेजारचे हणमंतराव बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. धारवाडकडचे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या मोटरसायकलीचीच देखरेख पत्करली होती. सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून म्हणत, “काय अरविंदराव, काल कुठंपर्यंत गेली?” यांना तो प्रश्न आजाऱ्याच्या चौकशीसारखा वाटे, मला हजेरीसारखा.

हणमंतरावांचं निदान होतं, पेट्रोलमध्ये भेसळ. “कशाला त्या मेस्त्रीचे पाय धरता? नमुना सरकारात द्या. लेखी रिपोर्ट येतोय की.” एका शनिवारी आम्ही पेट्रोलच्या दोन बाटल्या घेऊन तपासणीच्या कचेरीत गेलो. बुचावर लाख मी स्वतः ओतली होती, हवेचा कणही आत जाणार नाही अशी. दारावर शिपायाने अडवलं. ज्वालाग्राही पदार्थ इमारतीत आणायला बंदी आहे. आम्ही बाटल्या बाहेर गुलमोहराखाली ठेवून आत गेलो. कारकून सौम्य माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला. “नमुना कुठाय?”

“बाहेर. आत आणू देत नाहीत.”

“बरोबर आहे. आणायचाच नाही. पण नमुना पाहिल्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही, असा नियम आहे.”

“मग बाहेर येऊन पाहता?”

“स्वल्प अडचण आहे. कचेरीच्या वेळेत मला टेबल सोडता येत नाही.”

“आणि कचेरीची वेळ संपल्यावर?”

“तेव्हा अर्ज घेता येत नाही.” तो क्षणभर विचारात पडला आणि खरोखरच्या सहानुभूतीने म्हणाला, “रविवारी येऊन बघा. रविवारी आम्हाला सुट्टी असते.” त्या वाक्याचा अर्थ लावत आम्ही बाहेर आलो. तोवर शिपायाने एक बाटली आपल्या सायकलची साखळी धुवायला वापरली होती. भेसळ नसावी, साखळी लख्ख निघाली होती.

कल्लाप्पा मेस्त्री चिकोडीचा, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोले. हाताखाली घेतलेली गाडी ओल्या फडक्याने आधी नखशिखांत पुसायची, मगच पाना उचलायचा, असा त्याचा दंडक. त्याच्याकडे गाडी कधीच बंद पडली नाही. लालबागेला चार वळसे घालून तो परत येई आणि माझ्याकडे दयेने पाही.

“अक्का, गाडी सरी आहे, एकदम बरोबर.”

“रोज बंद पडते हो.”

“रोग्याचं असंच असतंय. दवाखान्याची पायरी चढला की ताप उतरतोय.” मग यांच्याकडे वळून म्हणाला, “साहेब चालवतात कशी, ते बघाय पायजे.”

अरविंद त्या दिवशी रात्री जेवताना दोनच पोळ्यांवर उठले.

वहीतून एकच गोष्ट मला सापडली होती, आणि ती इतकी वेडगळ होती की सांगायला मी दोन दिवस घेतले. टाकी अर्धी असली तर गाडी दीड-दोन मैल जाई. टाकी भरलेली असली तर दोन फर्लांगांतच थांबे. पेट्रोल जितकं जास्त तितकं जाणं कमी. मी हे जेवताना सांगितलं. अरविंद हसले. आत्या मात्र म्हणाल्या, “त्यात काय? पोट भरलं की झोप येतेच.” हणमंतरावांच्या कानावर गेलं तेव्हा ते भिंतीवर इतके हसले की त्यांचा चष्मा आमच्या तुळशीत पडला. “बाई, पेट्रोल जास्त म्हणून गाडी थांबली असं इंजिनेरिंगमध्ये कुठं लिहिलं नाही. उलट टाकी नेहमी गच्च भरलेली ठेवा.” मी खोलीत जाऊन त्या निरीक्षणापुढे ‘संशयास्पद’ असं लिहिलं. इतक्या वर्षांनीही त्या शब्दाची मला लाज वाटते.

मग मिस लोबोंची चिठ्ठी आली. सोमवारी, तीस नोव्हेंबरला, सकाळी पावणेदहाला कॉलेजच्या कमिटीसमोर हजर राहावं. नेमणूक कायम करायची की नाही ते तेव्हा ठरेल. खाली त्यांनी शाईने वेगळं लिहिलं होतं: ‘पावणेदहा म्हणजे पावणेदहा.’

मी सव्वासातला चालत निघण्याचा विचार केला होता. पण तसं म्हणणं म्हणजे यांच्यावर अविश्वासाचा ठराव. कल्लाप्पाने शनिवारी गाडी चाळीस मैल फिरवून ‘सरी’ म्हटलं होतं. अरविंदांनी रजा टाकली होती. ठरलं की सव्वासातला निघायचं. पाच मैलांना अडीच तास. तेवढ्या वेळात ती ढकलतही नेता आली असती. सगळं इतकं व्यवस्थित ठरलं होतं की मला रविवारी झोपही लागली.

सकाळी सातला हणमंतरावांनी भिंतीवरून हाक मारली. “अरविंदराव, टाकी?”

“अर्धी आहे.”

“आजच्या दिवशी अर्धी? भरून या की!” हे गेले. पंपावर रांग होती. टाकी गच्च भरून परत आले तेव्हा साडेसात वाजून दोन मिनिटं झाली होती.

आत्या दारात आडव्या उभ्या होत्या. बंगळुरात आल्यापासून त्यांनी शेजारणींकडून एक गोष्ट मनापासून उचलली होती, ती राहुकाल. सोमवारी साडेसात ते नऊ.

“आत्या, दोनच मिनिटं तर झालीत.”

“संपायला दोन मिनिटं उरली असती तर मी सोडलं असतं की गं. सुरू होऊन दोन झालीत. ताजा आहे तो.”

“पण कमिटी...”

“म्हणूनच.” त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून बसल्या. गेल्या सात आठवड्यांत माझ्या नोकरीवरून एकही शब्द न बोललेल्या आत्या मग म्हणाल्या, “तुझी नोकरी राहिली पायजे नीला. आम्हाला शिकाय मिळालं नाही. आजच्या दिवशी मी काही चुकवायची नाही.”  त्या दीड तासात आत्यांनी सांगितलं म्हणून मी गाडीला नेहमीपेक्षा दाट गंध लावलं. वाळायलाही भरपूर वेळ होता.

नऊ वाजता निघालो. नऊ वाजून चार मिनिटांनी, दोन फर्लांगांवर, इंजिन डुलकी घेऊ लागलं.

अरविंदांनी हातमोजे काढले, झाकण उघडलं, आत पाहिलं, बंद केलं, प्लग पुसला. सुरू. आणखी दोन फर्लांगांवर बंद. एका जटक्याने, म्हणजे इथल्या टांग्याने, आम्हाला ओलांडलं, गाडीवान वाकून म्हणाला, “बर्तीरा अम्मा? येताय?” मी नाही म्हटलं. हातमोजे, झाकण, प्लग, सुरू. आम्ही जटक्याला ओलांडलं. बंद. जटक्याने आम्हाला ओलांडलं. “बर्तीरा?” घोडासुद्धा आता ओळखीने मान हलवत होता. मिंटो हॉस्पिटलच्या पुढे कॉलेजची बस गेली आणि खिडकीतून सेकंड इयरच्या मुली ओरडल्या, “मॅडम, तळ्ळबेका? ढकलू का?” त्यात बूच न काढता तोटी सोडणारी एक होतीच. तिला मी परवाच बोलले होते.

नऊ पंचवीसला सिटी मार्केटच्या कोपऱ्यावर गाडी पाचव्यांदा थांबली, आणि या वेळी अरविंदांनी घाईत आधी प्लगच काढला; तो त्यांच्या हातातून निसटून गटारात गेला. ते गटाराकाठी बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांची मान मागून लाल झाली होती. अशा वेळी नवऱ्याकडे पाहू नये, एवढं सात आठवड्यांत मला कळलं होतं. मी दुसरीकडे तोंड केलं.

समोर गंगव्वा नावाच्या बाईचं तेलाचं दुकान होतं; पाटीवर तसं लिहिलं होतं. तिने शेंगतेलाचा नवा डबा फोडला होता. एका कोपऱ्यात खिळ्याने भोक पाडून ती गिऱ्हाइकाच्या बाटलीत डबा कलता करत होती. तेलाची धार आली, बारीक झाली, गुडगुडली, थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, “संपलं काय?”

“आता फोडलाय, संपतोय कसा?” ती कानडीत म्हणाली. तिने डबा सरळ ठेवला, खिळा आणि दगड उचलला आणि दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडलं. “गाळि बेकू,” ती म्हणाली. हवा पाहिजे. “हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर यायचं कसं?”

धार सरळ लागली.

मी उभी होते तिथेच उभी राहिले. फनेलचं बूच आधी काढा, मग तोटी सोडा. दिवसातून चाळीस वेळा. टाकी भरलेली, वर हवेला जागा थोडी, थोडं पेट्रोल खाली गेलं की आतली हवा विरळ, धार बंद. टाकी अर्धी, जागा जास्त, म्हणून दोन मैल. झाकण उघडलं की हवा आत. अकरा उपाय, आणि अकराही उपायांच्या आधी ती ‘नुसती चौकशी’.

पण मग झाकणाला हवेसाठी भोक ठेवलेलं असायला हवं. करणाऱ्याला एवढं कळत असणार. भोक झाकणावर असणार. झाकणाच्या मधोमध.

करणाऱ्यानं जागासुद्धा करून ठेवलीय.

मी वळले. ते लाल, तुकतुकीत, तीन प्रयोगांनी सिद्ध झालेलं गंध झाकणावर चमकत होतं. कल्लाप्पाचं ओलं फडकं आधी तेच पुसून टाकत असणार. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि खळग्यात खुपसला. गंध निघेना. मीच केलेलं होतं, सहज कसं निघणार? आकडा वाकवून, नखाने उकरून, शेवटी गंगव्वाच्या घागरीतलं ओंजळभर पाणी ओतून ते सुटलं. खळग्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. त्यात आकड्याचं टोक घातलं आणि आतून एक बारीक, लांब ‘सूं’ असा आवाज आला. अरविंद गटारातला प्लग लावून नुकतेच उठले होते. त्यांनी अजून झाकण उघडलं नव्हतं.

“काय गं?”

“बोलू नका,” मी म्हटलं. लग्नानंतर मी त्यांच्याशी असं प्रथमच बोलले. “झाकण उघडू नका. प्लग पुसू नका. नुसती लाथ मारा.”

नऊ वाजून चौतीस मिनिटं झाली होती. पुढचे तीन मैल ती एकदाही थांबली नाही. कब्बन पार्कापाशी आम्ही जटक्याला शेवटचं ओलांडलं. गाडीवानाने लगाम उचलून सलाम केला. टाकी भरलेली होती, हवा थंड होती, आणि कॉलेजच्या फाटकाशी घड्याळात नऊ त्रेचाळीस होते. फाटकापाशी अरविंदांनी विचारलं, “काय होतं?” मी म्हटलं, “संध्याकाळी सांगते,” आणि पळाले.

कमिटीच्या खोलीत मिस लोबो आणि तीन सभासद होते. मिस लोबोंनी आधी घड्याळ पाहिलं, मग माझे हात. “रक्त?”

“गंध,” मी म्हटलं.

कमिटीतले सर्वांत वयस्क डॉक्टर रघुपती म्हणून होते. त्यांनी चार लाल शेऱ्यांवर बोट ठेवलं. “हे कसे काय?” मी खोटं बोलू शकले असते; कार्बोरेटर हा शब्द मला येत होता. पण सात आठवड्यांची चूक नुकतीच नखाखाली लागलेली होती. मी सगळं सांगितलं, डिंकाच्या प्रमाणासकट.  मला वाटलं, झालं.

डॉक्टर रघुपतींनी चष्मा काढला. “टाकी भरल्यावर लवकर थांबायची?”

“दोन फर्लांगांत.”

“दोन फर्लांग!” ते मिस लोबोंकडे वळले. “अडतीस साली माझी मोटार मंड्याच्या रस्त्यावर थांबत होती. भरली की थांबायची. मी सांगत होतो, कुणी ऐकेना. मी ती विकली!” पुढची वीस मिनिटं ते त्या मोटारीबद्दल बोलले. दुसऱ्या सभासदांनी आपल्या मेव्हण्याच्या लॉरीची हकीकत सांगितली. तिसऱ्यांनी विचारलं, डिंक बाभळीचाच का? रसायनशास्त्रातला एवढाच प्रश्न मला विचारला गेला. शेवटी मिस लोबोंनी टाचणीने कागद टाचले आणि म्हणाल्या, “कायम. आणि मिसेस कुलगोड, पुढच्या टर्मला ज्वलनाबरोबर हवेचा दाबही तुम्हीच घ्या.”

बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. कितीतरी दिवसांनी श्वास पूर्ण आत जात होता.

संध्याकाळी आत्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि राहुकालाचे आभार मानले. अरविंदांना मी मागच्या अंगणात सगळं सांगितलं. ते इतके हसले की मला त्यांचा राग यायला हवा होता; पण सात आठवड्यांत ते प्रथमच इतकं मोकळेपणी हसत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, “आईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वाटी घेऊन अंगणात आल्या. सांगावंच लागलं.

“आत्या, झाकणावर नको. तिथून ती हवा घेते. ते तिचं नाक आहे.”

आत्यांचा हात जागीच थांबला. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना किती वेळात समजलं ते सांगते: मला लागले सात आठवडे, त्यांना एक क्षण.

“म्हणजे रोज सकाळी उठून तू तिच्या नाकात डिंक भरत होतीस?”

“जागा तुम्हीच...”

“मी अडाणी बाई. मला कपाळ वाटलं. तुला एवढं शिकून नाक नि कपाळ ओळखता येऊ नये होय?” आणि त्या हसू लागल्या. वाटीतलं गंध सांडेपर्यंत हसल्या. बोटाला उरलेलं गंध त्यांनी दिव्याच्या वरच्या पत्र्याला पुसलं. “असू दे. डोळ्याच्या वर भुवई असते की नाही? तिथं चालतंय.”

तेवढ्यात भिंतीवर हणमंतरावांचं कोपर आलं. “काय बाई, काल परत येताना सगळी वाट न थांबता आली म्हणे? मी म्हटलं नव्हतं, टाकी भरा? पण निघालं तरी काय शेवटी?”

मी तोंड उघडलं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. कारण विचारलं की खरं सांगायचं, अशी मला सवय आहे. पण माझ्याआधी आत्या पुढे झाल्या. आयुष्यात यंत्राचं एकही नाव न उच्चारलेल्या माझ्या सासूबाईंनी रिकामी वाटी पदराखाली घेतली आणि हणमंतरावांना शांतपणे म्हणाल्या,

“कार्बोरेटर. आमच्या नीलानं शोधून काढलं.”

मी मान डोलावली.